पर्यायी रावण

रावणाचा फोटो पासपोर्ट साइजमध्ये बसेना, तिथून सगळी भानगड सुरू झाली.

कासाच्या बाजारातला फोटोवाला तसा भला माणूस. त्यानं रावणाचा मुखवटा स्टुलावर नीट बसवला, मागं निळा पडदा सोडला आणि सवयीनं ‘हनुवटी थोडी खाली’ असंही बोलून गेला. पण दहा तोंडं म्हणजे काही गंमत आहे? डावीकडं पाच, उजवीकडं चार. फोटोत मधलं तोंड पूर्ण आलं, शेजारची दोन अर्धी-अर्धी आली आणि उरलेली सात कासाच्या बाजारातच राहिली. तो तीन तुकड्यांचा रावण वर्षानं फॉर्मवर डिंकानं चिकटवला आणि फॉर्म पुण्याला पाठवून दिला.

वर्षा म्हणजे तुक्या दुमाड्याची सून, सुनिलची बायको. बारावी झालेली, मोहपाड्याची अंगणवाडी सांभाळणारी. महाराष्ट्र गावरंग संघाचं नाव तिनंच पहिल्यांदा घरात आणलं. राज्यभरात गावोगाव, पाड्यापाड्यांवर जी माणसं पोटाचा उद्योग सांभाळून नाटकं करतात, सोंगं नाचवतात, त्यांना संघानं एका यादीत घ्यायचं, चार गोष्टी शिकवायच्या, चार त्यांच्याकडून शिकायच्या आणि वर्षातून एकदा सगळ्यांना एका मैदानावर भेटवायचं, असा तो कारभार. त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, मैदान सांगलीचं ठरलं होतं. मोहपाड्याचा बोहाडा, म्हणजे देवा-राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवायचा उत्सव, सांगलीला न्यायचा, हे वर्षाच्या आणि सुनिलच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं.

फॉर्मवर दोन रकाने होते. एक कलाकाराच्या नावाचा, दुसरा पर्यायी कलाकाराच्या नावाचा. वर्षानं अंगणात बसून थोरांना विचारलं, “आपल्यात नाचतं कोण कोण?”

तुक्याच्या थोरल्या बहिणीनं, बुधीबाईनं, तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं, “गणपती नाचतो, नरसिंह नाचतो, रावण नाचतो.”

“आणि माणसं?”

“माणसं काय, खाली उभी असतात.”

यात बुधीबाईचं काहीच चुकलं नव्हतं. मोहपाड्यात ‘लहान्या नाचला’ असं कुणी म्हणत नाही. ‘रावण आला, खाली लहान्या होता’ असं म्हणतात. वर्षानं तसंच लिहिलं. कलाकार: रावण. पर्यायी कलाकार: लहान्या दुमाडा. कलाकार: नरसिंह. पर्यायी: रघ्या. अकरा सोंगं, अकरा फोटो. पुण्याच्या कचेरीत कुणीतरी दुपारचं जेवून बसलेलं असणार, कारण त्यांनी एक अक्षर न विचारता अकरा ओळखपत्रं छापली.

ती ओळखपत्रं घेऊन फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी संघाची बाई चारोटीवरून जीपनं आली. नाव शर्वरी केळुसकर. पस्तिशीची, जाड तळाच्या चपला घातलेली, बोलायला मोकळी. लहान्याच्या अंगणात खाट टाकलेली होती, तिच्यावर बसून जमनाच्या हातचा कोरा चहा घेत तिनं पहिलं ओळखपत्र काढलं.

“श्री. रावण कोण?”

घरातला सगळ्यात थोरला पुरुष लहान्याच. तुक्याचा थोरला भाऊ, सहासष्ट वर्षांचा, तरी नाव लहान्या. त्यानं मान घराकडं वळवली. “आत आहे. उठवायचा का?”

बाईनं ओळखपत्र पाहिलं, लहान्याकडं पाहिलं, पुढची चार ओळखपत्रं पाहिली आणि चहाचा कप खाटेवर ठेवून पोटभर हसून घेतलं. वर्षा मात्र खांबामागं गेली.

“ताई, मी दुरुस्त करते,” ती तिथूनच बोलली.

“अगं, चूक कुठं आहे? पण असंच ठेवलं तर सांगलीत गणपतीच्या नावानं कॉट मांडतील, आणि माणसं राहतील बाहेर.”

मग दुरुस्तीला सुरुवात झाली. नरसिंहाला रघ्या, त्याचा पर्यायी त्याचाच भाऊ. गणपतीला दोन नावं पटकन मिळाली. दहा सोंगं चहा निवायच्या आत उरकली. अकरावं रावणाचं.

“कलाकार, लहान्या दुमाडा,” शर्वरीनं लिहिलं. “पर्यायी?”

 एक कोंबडी तेवढी मधून गेली.

“पर्यायी नाय,” लहान्या म्हणाला.

“काका, नियम आहे. एखादा आजारी पडला तर सगळा संच अडतो, म्हणून प्रत्येक भूमिकेला दुसरा माणूस हवाच. रकाना रिकामा असेल तर यादीत नाव जाणार नाही. आणि पुण्याला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

“बाकीच्या सोंगांचं वेगळं. रावण आमच्या घराचा आहे. एका रावणाखाली एकच माणूस.”

हे त्यानं शांतपणे सांगितलं, पण त्यामागं घराचा रिवाज होता. दुमाड्यांच्या घरात रावण एकदाच दिला जातो. ज्याच्या डोक्यावर आहे त्यानं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या डोक्याला फडकं बांधायचं आणि मुखवटा चढवायचा. त्यानंतर देणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. नाचवणं लांब, धूळसुद्धा पुसायची नाही. लहान्याच्या बापानं रावण दिला आणि पुढच्या बोहाड्याला रावण येताना तो पाठ करून बसला. डोळ्यांत धूर जातोय म्हणाला. धूर त्या वेळी दुसरीकडंच चालला होता.

आणि बापाच्याही आधी आजा, बाळ्या दुमाडा. त्याच्या वेळचा रावण असा, की एकदा भर नाचात डावीकडच्या तिसऱ्या तोंडाला शिंक आली आणि उरलेली नऊ तोंडं एकदम ‘सत्य आहे’ म्हणाली. जंगलखात्याचा एक गार्ड त्या आवाजानं ताडावर चढला तो उतरेचना. शेवटी साहेबांनी त्याची बदली ताडावरच केली. हे लहान्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांना त्यानं पाहिलेलं आहे, आणि पुराव्याला एवढं पुष्कळ झालं. असल्या रावणाच्या रकान्यात दुसरं नाव लिहायचं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव पुसायचं.

“कागदावरच लिहायचंय ना?” जमना म्हणाली. लहान्याची बायको व्यवहाराला पक्की. “मग मनिषचं लिहा. घरातलं घरात राहील.”

मनिष हा लहान्याचा मुलगा. बोईसरच्या कारखान्यात कामाला. रविवारची सुट्टी म्हणून आला होता आणि दारात बसून मोबाइल पाहत होता. त्यानं वर पाहिलं.

“आई, मला नाय जमत ते. मी व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो, एवढंच मला येतं.”

“तुला नाचायला कोण सांगतंय? नाव लिहायला काय जातं?”

शर्वरी अवघडून म्हणाली, “काकू, चार पावलं तरी पाहावी लागतील मला. मी सही करते खाली.”

“चार पावलं तर चालेल की तो. जीपपर्यंत दर आठवड्याला चालतो.”

“जमना,” बुधीबाई म्हणाली, “तुझ्या पोराला लहानपणी रावणाखाली उभा केला होता, तेव्हा आतून आवाज आला होता, मला शू लागली. दहा तोंडांनी एकदम.”

मनिषसकट सगळे हसले. जमना हसली नाही. तिला ठाऊक होतं, की मनिषचं नाव मागं पडलं की उरतं कोण. तुक्याचा सुनिल. पस्तिशीचा, पायात वारं असलेला, बोहाड्यात राक्षसाचं छोटं सोंग नाचवणारा. गेल्या दोन वर्षांपासून रघ्यापासून सनईवाल्यापर्यंत सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारा तोच. पण आता कोपऱ्यात उभा राहून तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. त्यानं स्वतःहून कधी रावणाचं नाव काढलं नव्हतं, आणि याचाच लहान्याला जास्त राग यायचा. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

लहान्यानं धाकट्या भावाकडं पाहिलं. तुक्या संबळाची वादी ओढत बसला होता. इथं आता हा बोलणार, लहान्याला वाटलं. दोन वर्षं याच दिवसाची वाट बघत असेल.

“तुक्या, तुझं काय म्हणणं? तुझ्या पोराचं लिहू?”

“नको,” तुक्या म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. वर्षा तर खांबामागून पूर्ण बाहेर आली.

“दादा उभा आहे तोवर दुसरं नाव नको. सांगली राहू दे.”

“बाबा,” वर्षा हळूच बोलली, “दोन वर्षं झाली याला.”

“दोन वर्षांनी काय होतं? सांगली कुठं पळून जाते का?”

लहान्याला हा डाव कळेना. आयुष्यभर बांधावरून, बैलावरून, मोहाच्या झाडावरून ज्याच्याशी वाद घातला, तो भाऊ आज फुकटात त्याच्या बाजूला येऊन बसला होता. जमनालाही कळेना. तिनं दिराच्या कपात न मागता चहा ओतला.

“बघितलं?” लहान्या शर्वरीला म्हणाला. त्याच्या अंगात एकदम उभारी आली होती. “आता तुम्ही असं करा, रावणच बघा. बघितल्यावर तुम्हीच म्हणाल, याला दुसरा कशाला.”

“दिवसा?” बुधीबाईनं विचारलं. “रावणाला दिवसा दिसतं का?”

“तुला दिसतं ना? मग त्यालाही दिसेल.”

नारळ फोडला. मुखवटा आतून बाहेर आला. लहान्यानं डोक्याला फडकं गुंडाळलं, सुनिलनं आणि रघ्यानं तो दहा तोंडांचा पसारा उचलून त्याच्यावर ठेवला, दोऱ्या आवळल्या. तुक्यानं काठ्या हातात घेतल्या. सनई लागली.

आणि रावण आला, बरं का. उगाच खोटं कशाला बोला. पहिलं पाऊल पडलं तशी अंगणातली कोंबडी छपरावर गेली. दुसरं पडलं आणि खाटेवरच्या बाईनं पाय वर घेतले. लहान्या भारदस्त वळत होता, थांबत होता, दहा तोंडं एका मागोमाग एक उन्हातून सावलीत जात होती. गुडघ्यात कळ होती, पण बरोबर जिथं गुडघा वाकायला वेळ मागे, तिथंच संबळ दम घेई. मुखवट्याच्या भोकातून त्याला जमनाचा चेहरा दिसला. ती पदराचं टोक चावत होती. बायका काळजी करतातच, त्याला वाटलं.

अर्धं रिंगण झालं आणि मुखवटा उतरला. लहान्या घामानं निथळत होता, तरी चेहऱ्यावर राजेपण होतं.

“काका,” शर्वरी उठून उभी राहिली, “मी सतरा जिल्हे फिरलेय. असा थांबणारा रावण मी पाहिला नाही. दर पावलाआधी एक क्षण सगळं थांबतं. फार सुंदर आहे ते.”

“ते आमच्या घराचं आहे,” लहान्या म्हणाला.

बुधीबाईनं सूप बाजूला ठेवलं. लहान्याहूनही ती चार वर्षांनी मोठी. नवऱ्यामागं माहेरी येऊन तिला तीस वर्षं झाली होती, आणि या तीस वर्षांत ती आज याच्या तर उद्या त्याच्या बाजूनं राहिली होती. सकाळपासून तिनं कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

“सुनिल,” ती म्हणाली, “तू दाखव रं चार पावलं. मुखवटा नको. पायाला कुठं मुखवटा लागतो? बाईला बघू दे, मग लिहायचं का नाय ते ठरवा.”

“बाय, कशाला उगाच?” तुक्या घाईनं म्हणाला.

“तू वाजव.”

सुनिलनं लहान्याकडं पाहिलं. लहान्यानं हातानं खुणावलं, दाखव. आताच एवढी तारीफ झाली होती. उदार व्हायला तेवढी पुरते.

तुक्यानं काठ्या उचलल्या. सुनिलनं उजवा पाय उचलला आणि तो हवेतच राहिला. ठोका आलाच नाही. आला तेव्हा पाय खाली पडून गेला होता. पोरानं पुन्हा जुळवून घेतलं, दुसरं पाऊल उचललं, पुन्हा तेच. बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून तो ठोक्याची वाट पाहू लागला. चौथ्या पावलाला तो थांबला.

“बाबा, चाल मागं राहतेय.”

“हो, हो,” तुक्या म्हणाला. “थांब, परत घेतो.” परत घेतली. हात तिथंच जात होते. हातांना सवय लागली की ते धन्याचं ऐकत नाहीत. तुक्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि संबळाच्या कातड्यावरची नसलेली धूळ पुसायला लागला.

लहान्या खाटेवर बसला होता. रावणाची चाल त्यानं चालायला लागायच्या आधी ऐकली होती. बापाच्या वेळची, आजाच्या वेळची, त्याच्या स्वतःच्या तरुणपणातली. त्यानं मनातल्या मनात ती मोजली. मग आत्ता वाजली ती मोजली. दर पावलामागं एक गुडघाभर वेळ जास्त होता.

तो तुक्याकडं वळला. मग हळूच विचारलं, “किती वर्षं?”

तुक्यानं वर पाहिलं नाही. “सहा.”

“कासाच्या दवाखान्यात गुडघा दाखवला तेव्हापासून?”

“त्याच बोहाड्याला. तू दोनदा हेलपाटलास. तिसऱ्यांदा मी थांबलो.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

“सनईवाल्याला सांगावंच लागलं,” तुक्या म्हणाला. “त्याचा श्वास पुरेना.”

“आणि तू, जमना?”

जमनानं त्याच्याकडं पाहिलं. “तुमच्या गुडघ्याला तेल कोण लावतं? मला नाय कळणार?”

“तरी मनिषचं नाव काढलंस?”

“कुणाचं तरी काढायचं होतं ना. तुम्ही पडायच्या आत.”

शर्वरी कागदावर मान घालून बसली होती. तिला कळलं होतं की आपण कशाची तारीफ केली. पण ती शहाणी बाई, कागदांची टोकं जुळवत राहिली. 

लहान्याला राग यायला हवा होता. तो त्यानं आत शोधून पाहिला. बांधाचा सापडला, बैलाचा सापडला, मोहाच्या झाडाचा तर ताजा सापडला. या गोष्टीचा काही केल्या सापडेना. सहा वर्षं भर बोहाड्यात, अख्ख्या पाड्यासमोर, हा माणूस त्याला ठोक्या-ठोक्यानं हाताला धरून चालवत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर भांडायला हजर होत होता. मायला, याचं काय करावं माणसानं?

तो उठला. डोक्याचं फडकं सोडलं. घामानं ओलं होतं, ते त्यानं दोनदा झटकलं.

“सुनिल, इकडं ये.”

“मोठे बाबा, आज नको. मुहूर्त बघू, भगताला विचारू.”

“सोंग द्यायला मुहूर्त लागत नाय. देणारा लागतो. खाली बस, तू उंच झालायस.”

सुनिल गुडघ्यावर बसला. लहान्यानं त्याच्या डोक्याला फडकं गुंडाळलं. तीन वेढे, गाठ डाव्या कानामागं, बापानं बांधली होती तशी. मग त्यानं आणि रघ्यानं मुखवटा उचलला. ठेवण्यापूर्वी लहान्यानं मधल्या तोंडाच्या नाकावरून अंगठा फिरवला, तिथं रंग उडाला होता. मग मुखवटा खाली ठेवला, दोरी आवळली आणि हात मागं घेतला.

हात मागं घेतल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. म्हणून त्यानं तो लुंगीला पुसला.

“मग असं लिहू का,” शर्वरीनं दबक्या आवाजात विचारलं, “कलाकार सुनिल दुमाडा. आणि पर्यायी?”

पुन्हा तोच रकाना.  नियम काही बदलला नव्हता.

“पर्यायी लहान्या दुमाडा,” लहान्या म्हणाला. “चार पावलं माझी तुम्ही बघितलीत, सही करा. मुखवट्याला हात लावणार नाय, पण सांगलीला येईन. सुनिल आजारी पडला तर तिथं बसून गोष्ट सांगेन. रावणाची गोष्ट रावणापेक्षा मोठी आहे.”

“ती तर आहेच,” बुधीबाई म्हणाली. “ताडावरचा गार्ड अजून उतरायचाय.”

शर्वरीनं सही केली. मनिष एवढा वेळ दारात होता. तो उठला आणि बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. जमनानं पदर तोंडातून काढला.

लहान्या खाटेकडं गेला नाही. तो तुक्याच्या शेजारी, संबळाला लागून, जमिनीवर बसला. बसताना गुडघा कडकडला तो सगळ्यांनी ऐकला, आणि या वेळी कुणी न ऐकल्यासारखं केलं नाही.

“कुठली चाल लावू?” तुक्यानं विचारलं.

“आपल्या बापाची.”

तुक्यानं दोन्ही हात एकदा झटकले आणि काठी मारली. सनईवाला दचकला, मग त्याला आठवलं. रावण उठला, वळला आणि दहा तोंडं घेऊन उन्हात आला. लहान्यानं पाठ केली नाही. तो टक लावून बघत होता, ओठ हलवत ठोके मोजत होता.

“अजून वाढव,” तो म्हणाला.

“दादा, पोरगा पडेल.”

“पडू दे. पडल्याबिगर चाल अंगात जात नाय.”

“तू कुठं पडलास?”

“तू पडू दिलंस कुठं,” लहान्या म्हणाला.

 तुक्यानं चाल वाढवली.